डायल पाहून घेतलेली बाटली

मी एक जुना चिमटा आहे. मित्रांनो, लगेच स्वयंपाकघराकडे बघू नका. निखारे उचलणाऱ्या त्या आडदांडाशी माझं काही नातं नाही, आणि भुवया कोरणाऱ्या त्या नटव्या जातीशी तर मुळीच नाही. मी घड्याळजींचा चिमटा. जे उघड्या डोळ्यांना धड दिसत नाही ते उचलायचं, जिथं बोट पोचत नाही तिथं नेऊन ठेवायचं आणि हे सगळं न थरथरता करायचं, हा माझा धंदा. माझा स्वभाव तसा मितभाषी. पण गोचिडीसारख्या क्षुद्र जीवापायी आमच्या घरातल्या तीन मोठ्या माणसांनी जी अक्कल पाजळली, ती पाहून गप्प बसणं माझ्या पोलादालाही जमेना.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादाच्या पट्टीतून माझे दोन पाय कापले, ते तापवले आणि तेलात बुडवले. मग एका कारागीर बाईंनी भिंगाखाली माझी टोकं घासली आणि मला खिडकीच्या उजेडासमोर धरलं. दोन टोकं मिटल्यावर मधून उजेड दिसला की चिमटा भंगारात, असा तिथला नियम होता. माझ्यातून उजेड दिसला नाही. माणसांनाही जन्मल्याबरोबर अशी एखादी परीक्षा असती, तर भंगाराचे ढीग केवढे उंच गेले असते, असा विचार पुढे माझ्या मनात पुष्कळदा आला.

मी घड्याळजींच्या टेबलावर आलो तेव्हा त्यांचे केस काळे होते. पुढे दुकान, मागे घर. डोळ्याला भिंग लावून ते बसत आणि मी केसासारखी बारीक स्प्रिंग उचलून जागेवर ठेवी. श्वास जोरात सोडला तरी उडून जाईल अशी ती वस्तू. पण माझ्या हातून एकदाही उडाली नाही. दुसरे कारागीर मला उसना मागायला येत. घड्याळजी म्हणत, "घर मागा, देतो. चिमटा मागू नका. हे माझं सहावं बोट आहे."

त्यांचं आणखी एक आवडतं वाक्य होतं. कुणी चकचकीत पण भिकार घड्याळ दुरुस्तीला आणलं, की ते उलटं करून झाकण उघडत आणि गिऱ्हाइकाची हजेरी घेत. "डायल बघून घेतलंत ना? मग आता भोगा. घड्याळ मागून बघायचं असतं, साहेब. पुढं नुसती शोभा असते." गिऱ्हाईक ओशाळे आणि मी मनातल्या मनात मान डोलावी. हे वाक्य तुम्हीही लक्षात ठेवा, कारण घड्याळजी स्वतः ते विसरणार आहेत.

पुढे दिवस पालटले. लोकांच्या खिशातच वेळ दाखवणारे फोन आले. उरलेली गिऱ्हाइकं पट्टा नाहीतर सेल बदलायला येत, आणि त्यासाठी माझी गरज नव्हती. त्यातच एकदा मी टेबलावरून नाकावर पडलो. माझं एक टोक किंचित वाकलं. इतकं किंचित, की तुम्हाला दाखवलं तरी दिसलं नसतं. पण घड्याळजींना दिसलं. नवा चिमटा आला, टोकावर प्लास्टिकची टोपी घालून, नवऱ्या मुलासारखा. मी खणात गेलो. तुटके पट्टे, वाळलेला डिंक, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या अशी तिथली वस्ती होती. त्या शेजाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

मला तिथून बाहेर काढलं ते लोलकने.

लोलक हा घड्याळजींचा कुत्रा. शेपूट एकसारखं डावीकडून उजवीकडे हलायचं, म्हणून हे नाव. दुकानाच्या कोपऱ्यात घड्याळजींच्या वडिलांचं उंच, उभं, लंबकाचं घड्याळ आहे. त्याच्या लाकडी पेटीला पाठ टेकून लोलक झोपत असे. गिऱ्हाइकं आटली तसा घड्याळजींना बोलायला तोच उरला. "काय म्हणता, आज कुणी येणार का?" असं ते त्याला विचारत आणि तो शेपटीने उत्तर देई. दुकानात एवढं सरळ उत्तर दुसरं कुणीच देत नव्हतं.

एके दिवशी लोलकच्या कानामागे मसुराएवढी करडी गाठ दिसली.

"चामखीळ आहे," घड्याळजींनी न बघताच निकाल दिला.

मालकीणबाईंनी वाकून पाहिलं. "अहो, चामखिळीला पाय असतात का?"

घड्याळजींनी भिंग लावलं. पाय होते, आणि ते हलत होते. नवा चिमटा त्या घाणीत कसा घालायचा? मग आठवण झाली कुणाची? माझी! ज्याने आयुष्यभर सोन्याच्या चाकांना हात लावला, त्याने आता रक्त पिऊन फुगलेली गोचीड धरायची. मी नाक मुरडलं. पण काम ते काम. कातडीच्या अगदी लगत धरली आणि न पिळता, न झटकता, सरळ, एकसारख्या जोराने ओढली. तोंडासकट आली. पिळून काढली असती तर तिचं तोंड आतच राहिलं असतं. एवढं ज्ञान मला उपजतच होतं. केसासारखी स्प्रिंगही कुणी पिळून काढत नाही.

पण एक काढली, तर दुसऱ्या दिवशी चार. पंजांच्या बोटांमध्ये, काखेत, शेपटीखाली. आणि तेवढ्यात मुलीचा फोन आला. तिला पहिलं बाळ झालेलं होतं आणि महिनाअखेरीला ती ते घेऊन माहेरी येणार होती.

"आई, मला कुत्र्याचं काही नाही गं. पण बाळ इवलंसं आहे. घरात एक जरी गोचीड दिसली ना, तर एक तर लोलक तिथं राहील, नाहीतर मी. आधीच सांगते."

मालकीणबाईंनी फोन ठेवला. घड्याळजींनी नुसता लोलकच्या डोक्यावर हात ठेवला. नातवाला मांडीवर घ्यायचं त्यांच्या मनात किती होतं, ते मला ठाऊक होतं. त्याच्यासाठी लोकरीच्या टोप्या आणून झाल्या होत्या, अख्ख्या गल्लीतल्या बाळांना पुरतील एवढ्या. आणि कुत्र्याशिवाय ते दुकान म्हणजे नुसती भिंत होती, हेही मला ठाऊक होतं.

घड्याळजींच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आत्याबाईंनी, तोडगा ताबडतोब काढला. आत्याबाई दोन गल्ल्या सोडून राहतात आणि सल्ला द्यायला रोज येतात. "त्यात काय एवढं? आमच्या ओळखीचा एक गोदामाचा रखवालदार आहे. त्याला कुत्रा हवाच आहे. साखळीला बांधून ठेवेल. देऊन टाक."

"साखळीला?" घड्याळजी म्हणाले.

"मग काय झुल्यावर बसवेल?"

"ताई, आधी गोचिड्या घालवून तर बघू."

आणि इथून शाम्पूंची वरात सुरू झाली.

पहिली बाटली मालकीणबाईंनी निवडली. दुकानात म्हणे त्यांनी सगळ्या बाटल्यांची बुचं उघडून हुंगली. निवडलेल्या बाटलीवर हसऱ्या कुत्र्याचं चित्र होतं, जांभळी फुलं होती आणि 'मऊ, रेशमी, ताजातवाना' असं ठळक लिहिलं होतं. गोचिडीचं नाव कुठेच नव्हतं. लोलकला अंघोळ घातली. संध्याकाळी त्याच्या अंगावरून मी ज्या गोचिड्या काढल्या, त्यांना फुलांचा सुरेख वास येत होता. रक्त पिणाऱ्यांना अत्तर लावण्याची ही रीत मी आधी पाहिली नव्हती.

"वास किती छान आहे पण!" मालकीणबाई म्हणाल्या.

"गोचिड्यांनाही आवडला असेल," घड्याळजी म्हणाले.

दुसरी बाटली आत्याबाईंची. त्यांचा हिशेब वेगळा. औषध जेवढं नाकाला झोंबेल तेवढं लागू! त्यांनी आणलेल्या बाटलीवर चित्र नव्हतं, मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत पुष्कळ काही लिहिलं होतं, आणि ते वाचण्याच्या फंदात कुणी पडलं नाही. "वन्सं, यात किती पाणी घालायचं?" मालकीणबाईंनी विचारलं. "पाणी घातलं की जोर जातो," आत्याबाई म्हणाल्या. अंघोळ झाली, फेस लगेच धुऊन टाकला आणि बाटली पिशवीत परत घालताना आत्याबाई म्हणाल्या, "उरलंय ते माझ्या मनीला लावीन म्हणते. तीही हल्ली खाजवते." ही मनी म्हणजे त्यांची मांजर. हे वाक्यही लक्षात ठेवा.

औषध लागू पडलं. अंगावरच्या गोचिड्या गळाल्या. आत्याबाईंनी असा चेहरा केला, जणू घड्याळाचा शोध त्यांनीच लावला. पण दोन दिवस गेले आणि लोलकच्या कानात पुन्हा नव्या, कोवळ्या, भुकेल्या गोचिड्या! पुन्हा तेच धुणं. पुन्हा तेच. कातडी कोरडी पडली, लोलक रात्रंदिवस खाजवू लागला. शेपटीचं हलणं मंदावलं.

आता तुम्ही म्हणाल, घड्याळजी तरी शहाणे असतील. अहो, कसले! त्यांनी तर कडीच केली. घड्याळाचे किटलेले भाग बेंझिनमध्ये बुडवून साफ करतात. मळ निघाला नाही तर द्रावण बदला, हा त्यांच्या धंद्याचा मंत्र. जन्मभर ज्याने यंत्रं धुतली, त्याला कुत्राही यंत्र दिसू लागला. "शाम्पू म्हणजे बायकांचे खेळ," असं म्हणत त्यांनी कापसाचा बोळा बेंझिनमध्ये भिजवला आणि लोलकच्या मानेवर, कानामागे, काखेत चोळला. लोलक आधी कळवळला. मग तो मान वळवून चाटू लागला. थोड्याच वेळात त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली आणि पाय लटपटू लागले.

"अहो, त्याला काय केलंत?" मालकीणबाई किंचाळल्या.

घड्याळजींनी मला खिशात कोंबलं, का ते त्यांनाही ठाऊक नसेल, आणि लोलकला उचलून धावत सुटले. मागून मालकीणबाई आणि त्यांच्यामागून, सल्ल्याची संधी हुकू नये म्हणून, आत्याबाई.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी कुत्र्याला बघितलं, मग माणसांना. अंग सौम्य साबणाने धुतलं, चाटू नये म्हणून गळ्यात पुठ्ठ्याचं नरसाळं घातलं, हिरड्या बघितल्या, रक्त काढून तपासलं. तोवर घड्याळजी भिंतीला टेकून उभे होते.

"वाचेल," त्या म्हणाल्या. "पोटात फार गेलेलं नाही. गोचिडीचा ताप असतो, तोही रक्तात दिसत नाही अजून. नशीब तुमचं. आता सांगा, काय काय लावलंत?"

यादी ऐकताना त्यांच्या भुवया चढत गेल्या. आत्याबाईंनी बाटली अभिमानाने पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी ती उलटी केली आणि मागची अक्षरं वाचली. "हे कुत्र्याचंच आहे, वाईट नाही. पण पाण्यात मिसळून लावायचं असं लिहिलंय. तुम्ही तसंच लावलंत, तेही वरचेवर. आणि फेस किती वेळ ठेवलात?"

"ठेवायचा असतो?" मालकीणबाई म्हणाल्या.

"दहा मिनिटं. लिहिलंय इथं. आणि हेही लिहिलंय की मांजरापासून लांब ठेवा. यातल्या औषधाने मांजर मरू शकतं."

आत्याबाई मटकन बाकावर बसल्या. "मी आज लावणार होते," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. पुढची पाच मिनिटं त्यांनी कुणालाही सल्ला दिला नाही.

"हे बघा काका," डॉक्टरीणबाई घड्याळजींना म्हणाल्या, "बाटलीच्या पुढं जे असतं ते गिऱ्हाइकासाठी. कुत्र्यासाठी जे असतं ते मागं. कुठल्या जनावरासाठी आहे, केवढ्या वयाच्या आणि वजनाच्या, गोचिडीवरचं औषध कुठलं, किती पाण्यात, किती वेळ, किती दिवसांनी. हे मागं लिहिलेलं नसेल तर ते अत्तर समजा. लिहिलं असेल आणि तुम्ही वाचलं नाहीत, तर ते विष समजा."

घड्याळजींचा चेहरा उतरला. ज्या वाक्याने त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांची हजेरी घेतली, तेच कुणीतरी उलटं करून त्यांच्या हातात दिलं होतं. "म्हणजे आम्ही डायल बघून घेतलं," ते पुटपुटले. मला खोटं सांगवत नाही, मित्रांनो. मला गार वाटलं.

"पण वन्संचं औषध लागलं होतं की," मालकीणबाई म्हणाल्या. "मग पुन्हा पुन्हा येतात कुठून?"

"शाम्पू अंगावरच्या मारतो. धुऊन टाकला की त्याचं काम संपलं. उद्या चढणाऱ्यांना तो कसा अडवणार?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुत्रा झोपतो कुठे?"

"माझ्या वडिलांच्या घड्याळाला टेकून."

"लाकडी आहे? भेगा आहेत? कधी साफ केलंत आतून?"

चालत्या घड्याळाला हात लावायचा नाही, हा त्यांच्या वडिलांचा नियम. गावभरच्या घड्याळांची पोटं फाडणाऱ्या या माणसाने घरच्या घड्याळाची पेटी कधी उघडलीच नव्हती. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असं म्हणतात ना, ते हेच.

घरी आल्यावर त्यांनी लंबक थांबवला. दुकानात एकदम शांतता पसरली. पेटीची मागची फळी काढली, बॅटरी धरली आणि सगळे मागे सरले. तळाच्या भेगांमध्ये, सांध्यांमध्ये, खिळ्यांच्या भोकांत गोचिड्याच गोचिड्या, आणि अंड्यांचे तपकिरी पुंजके. वडिलांच्या घड्याळाने पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या होत्या, माणसांच्याही आणि गोचिड्यांच्याही.

नव्या चिमट्याचं सरळ, टोकदार नाक त्या वाकड्यातिकड्या भेगांत शिरेना. माझं शिरलं. पडल्यामुळे वाकलेलं ते टोक, ज्यासाठी मला खणात टाकलं होतं, ते फळीच्या सांध्याला असं बसलं, जणू त्याच कामासाठी घडवलं होतं. मी एकेक बाहेर काढली आणि साबणाच्या पाण्यात बुडवली. बोटाने चिरडायची नाही, हे डॉक्टरीणबाईंनी बजावलंच होतं. लोलकला दुसऱ्या खोलीत ठेवून, दारं-खिडक्या उघडून, आसपास ज्योत नाही ना बघून, पेटीच्या आत बेंझिनचा बोळाही फिरला. शेवटी जिथं फिरायला हवा होता तिथं. मग डॉक्टरीणबाईंनी दिलेलं फवाऱ्याचं औषध, आणि मग भेगांमध्ये मेण. लोलकचं अंथरूण उकळत्या पाण्यात गेलं.

कातडीची लाली जाईपर्यंत लोलकला कुठलाच औषधी शाम्पू लावायचा नव्हता. तोवर त्याच्या अंगावर फक्त मी. रोज सकाळी भिंग, मी आणि घड्याळजींचा हात. पुन्हा जुने दिवस आले म्हणायचे, फक्त सोन्याच्या चाकांऐवजी हे.

कातडी बरी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी सुचवलेला शाम्पू आला. या खेपेला घड्याळजींनी बाटली आधी उलटी केली आणि भिंग लावून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. सांगितल्याप्रमाणे आधी गळ्याभोवती फेसाचं कडं केलं, म्हणजे पाणी पडल्यावर गोचिड्या वर तोंडाकडे पळत नाहीत. डोळे जपले. पोटाला, बोटांमध्ये, शेपटीखाली फेस चोळला. आता दहा मिनिटं थांबायचं होतं.

"किती वाजले?" मालकीणबाईंनी विचारलं.

घड्याळजींनी भिंतीकडे पाहिलं. विकायला ठेवलेली घड्याळं सगळी दहा वाजून दहा मिनिटांवर थांबलेली, कारण तसे काटे शोभून दिसतात. दुरुस्तीची घड्याळं प्रत्येक आपापल्या मतावर ठाम. आणि खरी वेळ सांगणारं एकच, वडिलांचं, ते मेण सुकायची वाट बघत बंद. घड्याळांनी भरलेल्या घरात दहा मिनिटं मोजायला एक घड्याळ मिळेना! शेवटी आत्याबाईंनी पर्समधून फोन काढला. त्या दिवशी त्यांच्या हातून घडलेलं हे एकमेव उपयोगाचं काम, आणि तेही मी नाइलाजाने नोंदवतो.

महिनाअखेर आली. रखवालदाराची साखळी आत्याबाईंनी आदल्या दिवशीच आणून दाराशी ठेवली होती. "असू दे जवळ. वेळ सांगून येत नाही."

मुलगी बाळ घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली. "बाबा, गोचीड?"

घड्याळजींनी तिच्या हातात भिंग दिलं. ती घड्याळजींचीच मुलगी. बाळ आईकडे देऊन ती खाली बसली आणि लोलकला पंजापासून तपासत निघाली. बोटं, काख, पोट. लोलक शहाण्यासारखा उभा होता. शेपूट मात्र हलत नव्हतं. डाव्या कानामागे तिचं बोट थांबलं.

"हे काय आहे?"

मसुराएवढी करडी गाठ. मालकीणबाईंनी बाळाला छातीशी धरलं. आत्याबाईंचा हात साखळीकडे गेला. घड्याळजींनी मला उचललं आणि मित्रांनो, मी त्यांच्या हातात पहिल्यांदा थरथरलो. थरथर माझी नव्हती.

"थांबा बाबा," मुलगी म्हणाली. "ओढू नका. आधी बघू द्या." तिने भिंग डोळ्याला लावलं आणि कान उजेडाकडे वळवला. मग हसायलाच लागली.

"पाय नाहीत हो बाबा. चामखीळ आहे. खरीखुरी."

घड्याळजी स्टुलावर बसले आणि डोळ्याला भिंग नसतानाही त्यांनी डोळा पुसला. लोलकचं शेपूट हललं, डावीकडे, उजवीकडे. साखळी आत्याबाई घरी घेऊन गेल्या. मनी तिच्याशी खेळते म्हणे.

मित्रांनो, माझं एवढंच सांगणं आहे. ज्याला बोलता येत नाही, त्याच्यासाठी तुम्ही निवडता, तेव्हा आपलं नाक आणि आपले डोळे जरा बाजूला ठेवा. बाटली उलटी करा. कळलं नाही तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारा, शेजारच्या आत्याबाईंना नको. आणि औषध गुण देत नाही म्हणून अधिक जहाल औषध आणण्याआधी एकदा खाली वाकून बघा, तो बिचारा झोपतो कुठे. वाकण्याने तुमची उंची कमी होत नाही. बहुतेकांची फारशी नसतेच.

मी आता खणात नसतो. काम झालं की मला स्पिरिटने पुसतात आणि टेबलावर, नव्या चिमट्याच्या शेजारी ठेवतात. त्याच्या टोपीकडे मी लक्ष देत नाही. परवा मालकीणबाई आरशासमोरून म्हणाल्या, "अहो, तो जुना चिमटा द्या ना जरा, भुवया कोरायच्या आहेत."

घड्याळजींनी मान वर न करता सांगितलं, "घर माग, देतो."